गिरणीतला फिटर

पोहे संपायच्या आतच भिवाजीनं देवमनला विचारलं, हत्यारं सोबत आणली आहेत का.

देवमन नानाजीकाकासोबत इंझोरीला मुलगी पाहायला आला होता. अंगात इस्त्रीचा सदरा, खाली नवी बेलबॉटम. भिवाजीची मुलगी पंचफुला मान खाली घालून पोहे देऊन गेली होती आणि तो अजून तिचा चेहरा आठवत बसला होता. हत्यारं कशाला, हे त्याला कळेना. मग भिवाजीनंच खुलासा केला. मुलगा नागपूरला गिरणीत फिटर आहे, असा नानाजींचा निरोप होता. आणि गावातली बबनरावांची पिठाची गिरणी नेमकी चार दिवसांपासून बंद पडली होती. मंगरूळपीरचा मिस्त्री मंगळवारी येतो म्हणत होता. भिवाजीनं सकाळीच चारचौघांत सांगून टाकलं होतं, की मिस्त्री कायले पाह्यजे, आमचा जावई येऊन राह्यला.

देवमननं काकाकडं पाहिलं. नानाजी बशीतल्या चहावर फुंकर घालत होते.

नानाजी खोटं काही बोलले नव्हते. देवमनची गिरणी कापडाची होती, आणि तिच्या हजेरीपटावर तो फिटरच होता. फक्त सहा वर्षांत त्यानं पान्ह्याला हात लावला नव्हता. सकाळी आठला सही करायची आणि नऊला मैदानावर हजर व्हायचं. गिरणीचा फुटबॉल संघ होता, त्यात तो खेळायचा, आणि पगार त्या खेळाचाच होता.

हे सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तोवर भिवाजी वहाणा घालून रस्त्याला लागलासुद्धा.

गिरणीत बाया डबे घेऊन बसल्या होत्या. बौद्धपुऱ्यातलं दळण एरवी शेवटी पडायचं आणि भिवाजी उंबऱ्याबाहेर थांबायचा. आज तो थेट इंजिनापाशी गेला आणि बबनरावांना म्हणाला, "सरका जरासे. जावयाले पाहू द्या."

बबनराव सरकले.

ते देवमननं पाहिलं. आता खरं बोलावं, तर या माणसाची गावात काय इज्जत राहील? तो इंजिनासमोर उकिडवा बसला. भोवती गलका चालला होता. एक म्हणे पट्टा सैल आहे, दुसरा म्हणे डिझेल खराब आहे, तिसरा म्हणे आधी नारळ फोडा. देवमनला हा प्रकार ओळखीचा वाटला. त्यांचा संघ एका गोलनं मागे पडला की अकराचे अकरा कप्तान होत, आणि चेंडूपाशी कोणी नसे. अशा वेळी तो ओरडत नसे. मोकळा माणूस कुठे आहे, तेवढं बघायचा.

कोपऱ्यात पोत्यावर पुंजाजी बसला होता. रोज हँडल मारून इंजिन सुरू करायचं काम त्याचं.

"तुमाले काय वाटते?" देवमननं विचारलं.

पुंजाजीनं आधी मागं वळून पाहिलं. मागं भिंतच होती. मग तो म्हणाला, "नळीत हवा धरली. पयल्याच दिवशी सांगतलं म्या. मालक म्हनले, हात नोको लावू."

"लावा," देवमन म्हणाला.

बबनराव काही बोलणार होते, पण देवमननं त्यांच्या हाती पुसायची चिंधी दिली आणि ते ती धरून उभे राहिले. भिवाजीनं खाली डबा धरला. पुंजाजीनं नळीचा नट सैल केला. डिझेलमधून बुडबुडे निघाले, मग फेस आला, मग नितळ धार लागली. नट आवळल्यावर देवमननं स्वतः हँडल घेतलं, कारण तेवढं त्याला जमण्यासारखं होतं. तिसऱ्या फेरीला इंजिन खोकलं आणि काळा धूर ओकत चालू झालं. बेलबॉटम गुडघ्यापर्यंत तेलात माखली. भिवाजीच्या बायकोचा डबा रांगेत सगळ्यात मागे होता. कोणी काही न सांगता तो पुढे आला.

भिवाजी त्याला घेऊन घरी परतला. ओसरीवर बसल्यावर म्हणाला, "तुमी तं कायीच केलं नाई. सारं पुंजाजीनं केलं."

मग देवमननं खरं काय ते सांगितलं. बॉल खेळायचा पगार मिळतो, हे पटायला भिवाजीला वेळ लागला. मग त्यानं गोल किती मारता म्हणून विचारलं.

"गोल पुढचे मारतात, मामाजी. मी मधात असतो. बॉल हिसकाचा आन जो मोकळा असन त्याले द्याचा."

भिवाजीनं मनाशी जुळवून पाहिलं. माणूस गिरणीत काम करत नाही आणि खेळात गोल मारत नाही. "आन पाय मोडला तं?"

"मंग खरंच फिटर व्हा लागन."

देवमन हे गमतीनं बोलला नव्हता. तीन वर्षांपूर्वी ज्याच्या गोलांवर मॅनेजरसाहेबांनी कपाट भरून कप मिळवले, तो पाय मोडल्यापासून गिरणीच्या फाटकावर राखणीला काठी घेऊन उभा असे. भिवाजीनं नानाजींकडं पाहिलं. नानाजींना एकाएकी वाशीमची गाडी कितीला सुटते, याची काळजी पडली.

इतक्यात गावातला शिंपी डोक्यावर शिलाई मशीन घेऊन अंगणात आला. धागा तुटून राह्यला, फिटरसाहेब आलेच आहेत तं पाहून देतील, असं म्हणत त्यानं मशीन देवमनच्या पुढ्यात ठेवली. त्याच्या मागं एक जण सायकल घेऊन उभा होता आणि त्याच्या मागं एक बाई स्टोव्ह घेऊन.

देवमन मशीनकडं पाहत राहिला. भिवाजीनं कपाळाला हात लावला.

आतून पंचफुला दारात आली. तिच्या हातात पेचकस होता.

"द्या इकडं," ती म्हणाली.