बजाबाईची जागा

एकोणऐंशी साली गिरणीत कॉम्प्युटर आला. त्यात माहिती साठवायला प्रत्येकाला ठरावीक जागा मिळायची. ती मर्यादा पाळली जाते का, हे सिद्धनाथ तपासत होता. चाचणीसाठी त्यानं वारलेल्या आईचं नाव घातलं, बजाबाई, आणि जागा दिली शून्य.

यंत्रानं त्या नावानं एक अक्षरही ठेवू दिलं नाही.

"बराबर चाललंय की," त्याचे वरिष्ठ हिंदुराव म्हणाले आणि जेवायला गेले.

सिद्धनाथनं पुन्हा पाहिलं. आता बजाबाईच्या नावावर एक ओळ होती, आणि त्याची स्वतःची जागा तेवढीच कमी झाली होती. त्यानं ती ओळ छापून घेतली. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द होते:

"सरक की जरा."

लहानपणी शुक्रवार पेठेतल्या खोलीत सातजण झोपायचे. कामं आवरून शेवटी येणारी आई हेच म्हणायची.

सिद्धनाथ बाकड्यावर नकळत सरकला. रिकामी झालेली बाजू हळूच करकरली.