उतारावरची हेराल्ड

"अण्णा, खुर्ची मागं घ्या. ठिणग्या उडतील."

विश्वजीतच्या वडलांनी, काकासाहेबांनी, खुर्ची हातभर मागं सरकवली, पण उठले नाहीत. विश्वजीतनं डोळ्यांवर गॉगल चढवला आणि जुन्या हेराल्ड गाडीचा गंजून चाळणी झालेला पत्रा कापायला घेतला.

पदमपुऱ्यातल्या त्यांच्या घरामागं पत्र्याची शेड होती. विश्वजीतला कळायला लागल्यापासून ही गाडी तिथं ताडपत्रीखाली पडून होती. आई असेपर्यंत शेडचं कुलूप कधी निघालं नाही. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच रविवारी विश्वजीतनं ताडपत्री ओढून काढली. आत उंदरांनी सीटा कुरतडल्या होत्या, दारं जाम झाली होती, रंगाचे पापुद्रे हातात येत होते.

तो चितेगावच्या कंपनीत मशीन दुरुस्तीला होता, त्यामुळं हातात कसब होतं. गल्लीतल्या लोकांना वाटलं, हौस आहे. बायकोला, रूपालाही तसंच वाटलं. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ह्या गाडीनं त्याची बहीण नेली होती आणि ज्यांच्या हातून ते झालं, ते अण्णा ती झाकून ठेवून जगले होते. आता ती चकाचक करून, रोज त्यांच्या डोळ्यांसमोर उभी करायची होती.

रत्ना सात वर्षांची होती. शेडपासून फाटकापर्यंत उतार. त्या उतारावर उभी केलेली गाडी मागं घरंगळली आणि फाटकापाशी रत्ना खेळत होती. "हँडब्रेक ओढायचा राहिला माझ्याकडून," काकासाहेबांनी सगळ्यांना एवढंच सांगितलं. शेजाऱ्यांना, पोलिसांना, बायकोलाही. त्यानंतर त्यांनी कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं नाही.

आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. ताट वाढायची, पण तोंडानं शब्द नाही. "तुझ्या वडलांना सांग, गॅस संपलाय." "तुझ्या वडलांना विचार, गावाला जायचंय का." असे निरोप पोचवत विश्वजीत मोठा झाला. शेवटच्या दुखण्यात काकासाहेब तिच्या खाटेपाशी बसले, तर तिनं भिंतीकडं तोंड केलं.

"भंगारात दे रे ती," काकासाहेब पहिल्या दिवशी म्हणाले होते.

"का? बघवत नाही?"

ते वळून घरात गेले. पण दुसऱ्या दिवसापासून शेडच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. विश्वजीत कामाला लागला की ते हजर. पत्रा ठोकताना, पुट्टी घासताना, त्यांची नजर त्याच्यावरून हलायची नाही. विश्वजीतला ते बरंच वाटायचं. बघू दे, मनात म्हणायचा.

हँडब्रेकची नवी केबल टाकली त्या दिवशी त्यांनी अचानक विचारलं, "विशू, तुला त्या दिवसाचं काही आठवतं का रे?"

"चार वर्षांचा होतो मी, अण्णा. काय आठवणार? आईनं सांगितलं तेवढंच ठाऊक."

"काहीच नाय?"

"नाही. तुम्हाला तरी आठवतं ना? की तेही विसरलात?"

बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. पण काकासाहेबांनी नुसती मान हलवली. "बरं हाय," म्हणाले आणि आत निघून गेले. त्यांचा चेहरा त्याला जरा निवळल्यासारखा दिसला. ह्या माणसाला काही वाटतच नाही, असं म्हणत तो पाना घट्ट आवळत राहिला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला गाडी तयार झाली. दुधाळ पांढरा रंग, नव्या काचा. रविवारी सकाळी इंजिन आधी खोकलं, मग धडधडत लागलं. रूपानं टाळ्या वाजवल्या. त्यांची चार वर्षांची लेक श्रेया अंगणभर नाचली. विश्वजीतनं गाडी मागं घेत शेडबाहेर काढली, उतारावर उभी केली आणि इंजिन बंद केलं. काकासाहेब खुर्चीतून बघत होते. त्यांच्याकडं पाहत त्यानं दोन सीटांच्या मधला हँडब्रेक करकचून वर ओढला.

"असा ओढतात, अण्णा."

रूपाचे हात टाळीतच थांबले. "अहो, काय हे बोलणं!" ती पुटपुटली आणि पूजेचं ताट आणायला घरात गेली. काकासाहेबांचे ओठ पांढरे पडले होते.

विश्वजीतला आता तिथं उभं राहवेना. फडकं घेऊन तो गाडीच्या मागं गेला आणि उकिडवा बसून नंबर प्लेट पुसू लागला. जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. संध्याकाळी अण्णांची माफी मागावी, असं मनात आलं. मग आईचं भिंतीकडं वळलेलं तोंड आठवलं आणि तो पुन्हा जोरात घासू लागला.

पुढचं दार वाजलं. खट्ट असा आवाज झाला. प्लेट त्याच्या कपाळाच्या दिशेनं सरकली.

वर शेडच्या दाराशी खुर्ची आपटली. विश्वजीत बाजूला कोलमडला आणि त्यानं वर पाहिलं. दार सताड उघडं होतं. ड्रायव्हरच्या सीटवर श्रेया होती आणि काकासाहेब कमरेपर्यंत गाडीत घुसले होते. तिचा चिमुकला हात त्यांनी आपल्या हाताखाली घट्ट दाबून ब्रेक वर ओढून धरला होता.

गाडी थांबली होती.

"अण्णा, सोडा तिला. काही झालं नाही. मी इथं आहे," विश्वजीत धापा टाकत म्हणाला.

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. घाबरून रडणाऱ्या त्या पोरीच्या तोंडाकडं बघत ते जीव तोडून ओरडत होते, "विशू, ब्रेकला हात नको लावू! रत्ना मागं हाय, विशू!"