शेजारणीचा रस्सा

तापातून उठल्यावर उरायच्या जिभेला चवच कळेना. हे तिने कुणाला सांगितलं नाही. बँकॉकच्या कालव्याकाठी नूडल्सच्या चार टपऱ्या एकमेकींना खेटून होत्या, त्यातली एक तिची. ती बंद ठेवून उराय रोज दुपारी बाकीच्या तिन्ही ठिकाणी एकेक वाटी रस्सा पिऊ लागली. स्वतःच्या रश्शाची चव तिला पाठ होती. तिथे जीभ खोटं बोलली असती.

शेवटची वाटी बुनरुअनकडे. अकरा वर्षांपासूनची वैरीण. "आली बघा हेरगिरी करायला!" असं गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत ती वाटी आदळायची. टेबलावरच्या मिरची-साखरेच्या बरण्यांना हात न लावता उराय शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची. जिभेला लागायचं नुसतं गरम पाणी. "छान झालाय," एवढं म्हणून उठायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

एकविसाव्या दिवशी पहिल्याच घोटाला तिचं तोंड वाकडं झालं. "शी! रस्सा आहे की समुद्र? फिश सॉसची अख्खी बाटली ओतलीस की काय गं?"

बुनरुअनने हातातली पळी टाकली आणि शेजारच्या दोघींना हाक मारली, "अगं या लवकर, हिला खारट लागलं!"

उरायने वाटी खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तीन आठवडे तुझ्या एकटीच्या वाटीत जास्तीचा सॉस ओततेय मी. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या रश्शाला छान म्हणालीस ना, तेव्हाच ओळखलं मी."