भय्याजीचं पथ्य

रुखमानं कढीत मिठाची एक चिमूट टाकली. मग दुसरी. मग हातच मोकळा सोडला.

सहा वर्षांनी.

आज पितरांचं पान वाढायचं होतं, तिच्या नवऱ्याचं, भय्याजीचं. यंदा आषाढात धानाच्या रोवणीच्या वेळी शेताच्या धुऱ्यावर साप चावला आणि तो गेला. किडनीनं नाही, सापानं. तेच तिला सोसत नव्हतं.

"साखरेनं किडनी खराब होऊन राहिली," दोघांच्या तपासणीनंतर फाईल घेऊन भंडाऱ्याच्या डॉक्टरकडून बाहेर येऊन तो म्हणाला होता. "मीठ, लोणचं, पापड बंद. नाहीतर मशीनवर रक्त धुवा लागीन."

तेव्हापासून घरात सारं अळणी. नवऱ्याच्या ताटात जे, तेच तिच्या. वेगळं रांधायची तिची रीत नव्हती. स्वतःसाठी तर तिनं तापातही कधी काही पाळलं नव्हतं.

तपासणीला तो सुईला भ्यायचा. "आधी तुह्यं रक्त काढू दे, मंग मले हिंमत येते." ती हसत हात पुढं करायची. त्याच्या औषधांसोबत तिलाही ताकदीच्या गोळ्या फुकट मिळायच्या.

सिहोऱ्याच्या बाजारात बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे तळताना दिसले, की तो तिला दुसऱ्या गल्लीनं न्यायचा. नव्या लग्नात त्याच बाजारात दोघांनी एका द्रोणात वडे खाल्ले होते. शेवटचा वडा कोणाचा, यावरून भांडले होते.

एकदा तिनं कीव येऊन त्याच्या पानात लोणच्याची फोड वाढली. त्यानं ती उचलून बाहेर फेकली.

केवढा निग्रह!

"सहा साल तरसवलं जी तुमाले," पान मांडत ती पुटपुटली. "कोन्या कामाचं झालं?"

"मामी!" गावची आशा सेविका रुपा महिन्याच्या गोळ्या घेऊन दारात उभी होती. "काय रांधून राहिल्या?"

"वडे, कढी. मीठ घालून! बस माय. त्यायनं सोडलं ते सारं आज त्यायच्या नावानं मी खातो."

रुखमानं वडा कढीत बुडवला. रुपानं तिचा हात धरला.

"नोका खाऊ."

"काहून? पथ्य त्यायचं होतं. आता कोणासाठी पाळू?"

रुपा खाली बसली. भय्याजीला दिलेला शब्द तिनं आज मोडला.

"मामाले साखर कधी नव्हतीच, मामी. ते फाईल तुमची हाय."