चेहरा कुठे दिसतोय?

त्वचारोगाच्या दवाखान्याची वेबसाइट तिनेच केली होती. पेशंटने काढलेला फोटो त्याच्या मोबाइलवरून थेट क्लाउडवर जायचा, मधे कुणाचा हात लागायचा नाही आणि तो उघडायची परवानगी फक्त डॉक्टरीणबाईंना होती. मॅनेजर मात्र हटूनच बसला, "मलाही देऊन ठेव, अडीअडचणीला लागते." रोजची कटकट नको म्हणून तिने देऊन टाकली.

आज डबे उघडल्याउघडल्या त्याने मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला. "बघा, ताजा माल!" चट्ट्यांनी भरलेली कुणा बाईची उघडी पाठ. कुणी नाक मुरडलं, कुणी फिदीफिदी हसलं. मॅनेजरने खरकट्या बोटांनी फोटो आणखी मोठा केला. तिला शिसारी आली.

"अहो, काही लाज?"

"त्यात काय एवढं? चेहरा कुठे दिसतोय? कोण ओळखणार आहे?"

आता तिचं लक्ष फोटोतल्या पाठीच्या मागे गेलं, तिथे पिवळ्या पोपटांचा पडदा होता. तो तिनेच शिवलेला होता.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. ताईचा मेसेज होता, "टाकला गं बाई एकदाचा फोटो. डॉक्टरांशिवाय कुणी बघत नाही म्हणालीस, म्हणून धीर केला."