मान डोलावणाऱ्या वहिनी

तुमचा विश्वास बसायचा नाही, पण औषधाच्या दुकानात उभा जन्म काढून मी काउंटरवर थाप मारली ती एकदाच, आणि तीही औषध म्हणून.

आमच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी. त्यांना काहीही सांगा, त्या मान डोलावणार. "समजलं का?" विचारलं, तर आणखी जोरात डोलावणार. गेल्या आठवड्यात प्रेशरची गोळी घ्यायची राहिली, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन एकदम घेतल्या आणि चक्कर येऊन मशीनवर आदळल्या. जगाला टाके घालणाऱ्या बाईच्या कपाळावर चार टाके पडले.

आज त्या गोळ्या न्यायला आल्या. मी सगळं पुन्हा समजावलं. मान डोलली. त्या मानेच्या भरवशावर गोळ्या द्यायला माझा हात धजेना. म्हणून पट्टी हातातच धरून मी गोष्ट सुरू केली.

"वहिनी, आमच्या काकांनाही प्रेशर होतं. पण धावायला लागले की त्यांची सावली मागे राहायची."

मान डोलली.

"मग ती बिचारी तिकीट काढून बसने घरी यायची."

मान डोलली.

"एकदा काका गोळी विसरले. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेतल्या आणि ठणठणीत झाले."

मान थांबली.

"भावजी, सावलीला तुम्ही बसमध्ये बसवलंत, ते मी चालवून घेतलं. पण हे धादांत खोटं. कालची राहिली तर राहिली, आज एकच घ्यायची. द्या ती पट्टी इकडे."