ॲथलोनचं मखर

यंदा गणपतीला सलीलने पुठ्ठ्याचं मखर केलं. तेही कसलं, तर स्पॅनिश पाद्र्यांनी मेक्सिकोत बांधलेल्या जुन्या मिशनसारखं! लताबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. करोनात विमानं बंद झाल्यामुळे त्या मार्चपासून लेकाकडे आयर्लंडमध्ये ॲथलोनला अडकल्या होत्या, आणि संध्याकाळी आरतीला सांगलीहून वन्सं व्हिडिओ कॉलवर येणार होत्या.

"अरे, हे चर्च आहे! वन्सं मला जन्मभर ऐकवतील."

"नुसतं चर्च नाही गं आई. कमानी अरबांच्या, कौलं रोमनांची, भिंती तिथल्या लोकांच्या मातीच्या. पाद्री घरापासून लांब होते. आठवेल तसं, मिळेल त्यातून बांधलं."

"म्हणजे धड एकाचंही नाही!" असं म्हणत लताबाईंनी कागदी झेंडूच्या माळांनी मखर इतकं झाकलं, की बाप्पाची सोंड तेवढी दिसत राहिली.

आरती झाली. वन्संनी स्क्रीनला नाक लावलं. "मखर झकास हो! पण लता, नैवेद्याला केक का ठेवलास?"

"अहो, मोदकच आहेत ते!" लताबाई रडकुंडीला आल्या. "पीठ पोलिश दुकानातलं, खोबरं चिनी दुकानातलं, गूळ मिळाला नाही म्हणून ब्राऊन शुगर. साचा नव्हता, म्हणून शेजारच्या मॉराचा केकचा ट्रे घेतला. घरापासून लांब आहे, वन्सं. आठवेल तसं, मिळेल त्यातून केलं."

मागून सलील हळूच म्हणाला, "आई, त्या पाद्र्यांचीही स्पेनमध्ये एखादी आत्या असणार."